म्हादईच्या वादामागची खाजने

म्हादई नदीच्या पाण्यावरून गोवा आणि कर्नाटक यांच्यात चाललेल्या वादाचा विषय निघाला की चर्चा टीएमसीत (अब्ज घनफुटांत) सुरू होते आणि टीएमसीतच संपते. या नदीकाठी शेत कुणी उभे केले आणि ते कुणी राखले, हे त्या आकड्यांत येत नाही. ते समजल्याशिवाय गोवेकर या पाण्यासाठी एवढा का पेटतो, हेही कळायचे नाही.

खानापूर तालुक्यात उगम पावलेली म्हादई सत्तरीतून खाली येते, पुढे मांडवी होते आणि पणजीला समुद्राला मिळते. खालच्या टप्प्यात भरतीचे खारे पाणी नदीतून खूप आत शिरते. दिवाडी, चोडण, जुवे ही बेटे आणि त्यांच्या आसपासचा सखल काठ म्हणजे मुळात खारफुटीचा चिखल. तिथे बांध घालून पिकवलेले भात म्हणजे खाजन शेती. बांदिवड्याच्या सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमाराच्या ताम्रपटातही खारे पाणी अडवून भातशेत करण्याचा उल्लेख आहे.

खाजनाचा जीव मानशीत असतो. बांधातल्या या लाकडी दारांना उघडझाप करायला माणूस लागत नाही. भरतीला बाहेरचे पाणी दार दाबून बंद करते, ओहोटीला आतले पाणी तेच दार ढकलून बाहेर पडते. उन्हाळ्यात जमिनीवर मिठाचा पापुद्रा धरतो. पहिल्या पावसात तो विरघळून मानशीवाटे वाहून जातो आणि मग कोरगुटसारखे खारट जमीन सोसणारे भात पेरतात. बांधात खेकड्याने केलेले बीळ वेळेत बुजवले नाही, तर तिथेच खांड पडते आणि अख्ख्या गावाचे पीक जाते. म्हणून हे एकट्यादुकट्याचे काम कधीच नव्हते.

ते गावकरी संस्थेचे, म्हणजे गावची जमीन सामायिक सांभाळणाऱ्या गावकारांच्या मंडळाचे काम होते. पोर्तुगीज अधिकारी अफोन्सो मेशियाने १५२६ साली तिची रीत सनदेत उतरवून घेतली. ओसाड बेटावर चार माणसांनी येऊन जमीन कसली, अशी गावाच्या मुळाची हकिकत त्या सनदेतच आहे. बांध-मानशींची डागडुजी आधी, गावकारांची वाटणी नंतर, हा शहाणा नियम होता. पण चिखल वाहून बांध रचणारे हात बरेचसे गावडा आणि कुणबी समाजाचे, आणि वाटणीच्या यादीत त्यांची नावे बहुतेक ठिकाणी नव्हती. गोव्याचे मूळ रहिवासी मानला जाणारा हा समाज. पोर्तुगीज काळात त्यातले अनेक जण ख्रिस्ती झाले, १९२८ मध्ये मसूरकर महाराजांच्या शुद्धी चळवळीत काही परत हिंदू झाले. गावडा, कुणबी आणि वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २००३ साल उजाडले.

गोवा मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला. कसणाऱ्याला हक्क मिळाला, हे न्याय्यच झाले. बांधांची जबाबदारी मात्र कोमुनिदादीकडून (गावकरीचेच पोर्तुगीज नाव) कुळांच्या संघटनांकडे गेली आणि गावाची ती जुनी शिस्त सुटली. मानशीतल्या मासळीचा लिलाव होतो. मासळी जास्त मिळावी म्हणून दार नको तेव्हा उघडे ठेवले की खारे पाणी थेट शेतात. खनिज वाहणाऱ्या बार्जींच्या लाटांनीही बांध खाल्ले. एकदा खारे पाणी भरून राहिले की खारफुटी उगवते, ती तोडायला कायद्याची बंदी, आणि शेत कायमचे जाते. मला हे नुकसान सर्वांत मोठे वाटते, कारण ते हळूहळू होते आणि कुणाच्या नजरेत भरत नाही.

आणि वरून गोडे पाणी कमी आले, तर उन्हाळ्यात खारे पाणी नदीत आणखी वर चढणार. २०१० साली नेमलेल्या लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिले. त्यातले ३.९ टीएमसी कळसा-भांडुरा प्रकल्पामार्गे कर्नाटकातल्या मलप्रभेच्या खोऱ्यात वळवायचे आहे. या दाव्यात पक्षकार होती फक्त तीन राज्ये: गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र. मानशी सांभाळणाऱ्या कुळांच्या संघटनांना तिथे जागा नव्हती.