इन्स्टिट्यूट वेगळी, असोसिएशन वेगळी

आमच्या फोंड्याच्या सीए ऑफिसात नवा आर्टिकल, म्हणजे शिकाऊ सीए, आला की महिनाभर तो इन्स्टिट्यूट आणि असोसिएशन दोन्हींना ‘असोसिएशन’च म्हणतो. त्याचा दोष नाही. हॉल तोच, वक्ते तेच, मधल्या सुट्टीतली मिरची भजीही तीच.

इन्स्टिट्यूट, म्हणजे देशभरातल्या सीएंची संस्था आयसीएआय, कायद्याने जन्माला आली: १ जुलै १९४९, चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा. तिचं सदस्यत्व हौसेचं नाही. सीओपी, म्हणजे तिचा प्रॅक्टिसचा परवाना, नसेल तर प्रॅक्टिस नाही, ऑडिट रिपोर्टवर सही केली की त्या कागदाचा ओळख क्रमांक, १८ अंकी यूडीआयएन, काढावाच लागतो, आणि गैरवर्तन सिद्ध झालं तर रजिस्टरातून नावच उडू शकतं. गोव्याची शाखा त्याच झाडाची फांदी.

असोसिएशन आपल्या मर्जीची. मुंबईची बॉम्बे चार्टर्ड अकाउंटंट्स सोसायटी निघाली ६ जुलै १९४९ ला, इन्स्टिट्यूटनंतर अवघ्या पाच दिवसांनी! इथे वर्गणी थकली तर यादीतून नाव जाईल, प्रॅक्टिस जाणार नाही.

मग पदरचे पैसे घालून जायचं कशाला? १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ५ए घ्या. गोव्याच्या पोर्तुगीज दिवाणी कायद्यातली सामाईक मालमत्तेची पद्धत ज्या जोडप्याला लागू, त्यांचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं. मी नवखा असताना एकाचं वर्षाचं ६ लाख घरभाडं सगळंच त्याच्या रिटर्नमध्ये टाकलं, कारण कंपनीबरोबरचा करार त्याच्या नावावर. कलम पाठ होतं, हात मात्र सवयीने चालला. रात्री मडगावच्या एका ज्येष्ठ सीएंना फोन केला, ओळख असोसिएशनच्या अभ्यासमंडळातली. ‘‘अरे, ३ त्याचे, ३ तिचे. आणि टीडीएस पण वाटून दाखव, नाहीतर तिला क्रेडिट कुठून मिळणार?’’ टीडीएसचं माझ्या डोक्यातच नव्हतं. दोनशे जणांच्या सेमिनारमध्ये माईक हातात घेऊन हे विचारायची माझी छाती झाली नसती.

दुसरा फरक मुदतीच्या वेळी दिसतो. चवथीला गणपतीवर बांधलेली फळाफुलांची माटोळी उतरते न उतरते तोच टॅक्स ऑडिटच्या फायली टेबलावर चढतात. २०२५ मध्ये ३० सप्टेंबरची तारीख ३१ ऑक्टोबरवर गेली. निवेदनं बऱ्याच जणांनी दिली होती, पण राजस्थान आणि कर्नाटकच्या उच्च न्यायालयांत गेल्या त्या व्यावसायिकांच्या संघटना.

अर्थात नुसती दिवाळीला डायरी वाटणाऱ्या संघटनाही असतात. तसल्या एकीची वर्गणी मी दोन वर्षांत बंद केली.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि तोंडपाठ कलमांचे नंबरच बदलले. जुन्या-नव्या कलमांचा तक्ता इन्स्टिट्यूटचा घेतला. तो पचवायला मात्र अभ्यासमंडळातल्या आम्ही सहा जणांनी प्रकरणं वाटून घेतली. माझ्या वाट्याला टीडीएस आलं.