‘आधी आपण खात्री करून घेऊ’ : मुलांवरील अत्याचाराची तक्रार संस्थेतच का अडकते

मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम २१ चे दुसरे पोटकलम जेमतेम काही ओळींचे आहे. आपल्या हाताखालच्या माणसाने मुलावर लैंगिक अत्याचार केल्याचे कळूनही संस्थेच्या प्रमुखाने पोलिसांना कळवले नाही, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. सामान्य माणसाने कळवले नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. प्रमुखासाठी शिक्षा वेगळी आणि जास्त का ठेवावी लागली, हे समजायचे तर थोडे मागे जावे लागते.

स्वातंत्र्यानंतर अनाथाश्रम, वसतिगृहे आणि बालगृहे यांच्यावर नजर ठेवण्यासाठी कायदे आले. महिला व बाल संस्थांच्या परवान्याचा कायदा १९५६ चा, अनाथालये व धर्मादाय गृहांवरील देखरेखीचा १९६० चा. पण संस्थेतल्या माणसापासूनच मुलाला धोका असू शकतो, हे गृहीत धरून तेव्हाची देखरेख उभी राहिली नव्हती. निरीक्षकाने इमारत, धान्यसाठा, हिशेब आणि हजेरीपट पाहायचा. मूल बोलले तर ते कोणाशी, आणि त्याने सांगितलेले पुढे कुठे जाणार, याची सोयच नव्हती.

फौजदारी कायद्यातही मोठी फट होती. भारतीय दंड संहितेत बलात्काराची व्याख्या केवळ स्त्रीपुरती आणि केवळ संभोगापुरती होती. लहान मुलीवरच्या इतर अत्याचारांना ‘विनयभंग’ म्हणत, तर मुलग्यावरचा अत्याचार ‘अनैसर्गिक’ संभोगाच्या कलम ३७७ मध्ये बसवावा लागे. विधि आयोगाने २००० साली १७२ व्या अहवालात व्याख्या बदलण्याची शिफारस केली. ‘साक्षी’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये व्याख्या बदलायला नकार दिला, पण साक्ष देताना मुलाला आरोपी दिसू नये यासाठी पडद्याची सोय करण्यास सांगितले. मुलांपुरती ही फट बुजायला पुढे आठ वर्षे लागली.

या काळातली दोन प्रकरणे पाहण्यासारखी आहेत. गोव्यात फ्रेडी पीट्स मुलांसाठी आश्रयगृह चालवत असे. त्याला १९९१ मध्ये अटक झाली आणि १९९६ मध्ये जन्मठेप. गोव्याने २००३ मध्ये स्वतःचा बाल कायदा केला आणि मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांची वेगळी व्याख्या केली, म्हणजे देशाच्या नऊ वर्षे आधी.

दुसरे मुंबईतले ‘अँकरेज’. कुलाबा परिसरात आणि रायगडमधल्या मुरूडला रस्त्यावरच्या मुलांसाठी ही आश्रयगृहे डंकन ग्रँट या ब्रिटिश नागरिकाने काढली होती. २००१ मध्ये प्रकरण उघडकीस आले ते ‘चाइल्डलाइन’ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आणि मुलांसाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या पाठपुराव्यामुळे. मार्च २००६ मध्ये सत्र न्यायालयाने ग्रँट आणि त्याचा ब्रिटिश साथीदार ॲलन वॉटर्स या दोघांना सहा वर्षांची सक्तमजुरी दिली. व्यवस्थापकालाही दोषी ठरवले. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडले आणि १८ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द करून मूळ शिक्षा कायम केली. तक्रारीपासून अंतिम निकालापर्यंत दहा वर्षे गेली. तक्रार करताना जी पोरे होती, ती तोवर मोठी झाली होती. या प्रकरणातल्या व्यवस्थापकाची शिक्षा मला विशेष महत्त्वाची वाटते. अत्याचार करणाऱ्याइतकाच, डोळ्यांसमोर घडू देणारा कर्मचारीही न्यायालयासमोर उभा राहू शकतो, हे तिथे दिसले.

२००७ मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचे सांगितले होते आणि अत्याचार करणारे निम्मे जण ओळखीचे किंवा विश्वासातले होते. नव्या कायद्याच्या मागणीला या आकड्यांनी बळ दिले.

पोक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. मुलगा-मुलगी असा भेद त्याने काढून टाकला. शाळा, रुग्णालय, धार्मिक संस्था, बालगृह किंवा निरीक्षणगृह यांच्या व्यवस्थापनातल्या वा नोकरीतल्या माणसाने तिथल्या मुलावर केलेला अत्याचार ‘गंभीर’ वर्गात टाकला. लैंगिक प्रवेशाच्या अशा गुन्ह्याला सुरुवातीला किमान १० वर्षांची शिक्षा होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती २० वर्षे झाली. पण संस्थांच्या दृष्टीने खरा बदल कलम १९ मध्ये आहे. गुन्हा घडल्याचे ज्याला कळले, त्याने ते विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलेच पाहिजे. विश्वस्त मंडळाची, शिक्षण खात्याची किंवा पालकांची परवानगी ही अट नाही. सद्‍हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. पोलिसांनीही नोंद टाळली तर त्यांना तेच कलम २१ लागू होते. एक कच्चा दुवा मात्र राहिला: गुन्हा घडण्याची भीती असेल तरीही कळवा असे कलम १९ म्हणते, पण कलम २१ ची शिक्षा घडलेला गुन्हा न कळवल्याबद्दलच आहे.

एप्रिल २०१३ मध्ये ‘शंकर किसनराव खाडे’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शाळा, वसतिगृहे, बालगृहे आणि रुग्णालये यांच्या प्रमुखांना हीच जबाबदारी पुन्हा बजावून सांगितली. तरी सवय सुटली नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा येथे एका वसतिगृहातल्या अल्पवयीन आदिवासी मुलींवरचे अत्याचार २०१९ मध्ये उघड झाले. त्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने माहिती असूनही पोलिसांना कळवले नाही, असा आरोप ठेवला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला आणि माहिती असून न कळवणे हा गंभीर गुन्हा असल्याचे सांगितले.

तपासणी कशी असावी, याचा धडा बिहारमधून आला. मुझफ्फरपूरच्या बालिकागृहाला सरकारी अनुदान होते आणि अधिकाऱ्यांच्या भेटीही होत होत्या. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ पथकाने बिहारमधल्या संस्थांचे सामाजिक लेखापरीक्षण केले, तेव्हा ते मुलांशी बोलले. एप्रिल २०१८ मध्ये अहवाल सरकारला मिळाला आणि गुन्हा दाखल झाला ३१ मे रोजी. मधले दिवस हे याच लेखाच्या शीर्षकातले दिवस आहेत. तीसहून अधिक मुलींवर अत्याचार झाल्याचे पुढे आले. सर्वोच्च न्यायालयाने अहवालात नाव आलेल्या १७ संस्थांचा तपास सीबीआयकडे दिला आणि जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवले. बाल न्याय कायद्यानुसार तपासणी समितीने तीन महिन्यांतून एकदा तरी भेट द्यायची असते. समितीत किमान तीन सदस्य, त्यात एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी हवा. अधीक्षक शेजारी उभा असताना मुलांना ‘काही त्रास आहे का?’ असे विचारले, तर या भेटीतून काहीच हाती लागत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची तक्रार आली. पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास थांबावे लागले, २० ऑगस्टला लोकांनी रेल्वे अडवली आणि दोन दिवसांनी मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. शाळेच्या पदाधिकाऱ्यांवर न कळवल्याबद्दल कलम २१ खाली गुन्हा नोंदवला गेला.

शाळेत किंवा वसतिगृहात पहिल्या दिवशी काय बिघडते, ते जवळपास ठरलेले आहे. मूल एका शिक्षिकेला सांगते. ती मुख्याध्यापकांना सांगते, ते विश्वस्तांना, आणि मग तीन जणांची अंतर्गत समिती बसते. मुलाला तोच प्रश्न चार-पाच जण विचारतात, प्रत्येक जण आपल्या शब्दांत लिहून ठेवतो आणि त्यातल्या तफावतींवर बचाव पक्षाचा वकील पुढे उलटतपासणी उभी करतो. आरोपीला सुगावा लागतो. पालकांना ‘मुलीचं नाव खराब होईल’ असे समजावले जाते. मुलाचे कपडे धुतले जातात, आंघोळ होते. वैद्यकीय नमुन्यांसाठी पहिले तीन-चार दिवसच उपयोगाचे असतात. कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरमधली जागा भरली की जुन्या चित्रीकरणावर नवे चढते, आणि समितीचा अहवाल येईपर्यंत नेमके हवे ते पुसले गेलेले असते.

म्हणून करायचे ते असे. मुलाने सांगितले ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून, एकदाच लिहावे. ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. संशयिताला सर्व मुलांपासून दूर ठेवावे. रेकॉर्डर बंद करून बाजूला ठेवावा. हजेरीपट आणि प्रवेशद्वाराची वही ताब्यात घ्यावी. त्याच दिवशी लेखी माहिती देऊन पोलिसांची पोच घ्यावी. पुढची चौकशी पोलिसांची. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. गुन्ह्याची माहिती पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला द्यायची असते.

२०२० च्या पोक्सो नियमांनी शाळा, पाळणाघरे, क्रीडा प्रबोधिनी अशा सर्व ठिकाणी कर्मचाऱ्यांची वेळोवेळी पोलीस पडताळणी सक्तीची केली. ती हवीच, पण तिच्यात सापडतो तो आधी नोंद झालेला माणूस. ज्याच्या तक्रारी संस्थेच्या आतच मिटवल्या गेल्या, त्याची पडताळणी कोरी येते आणि तो पुढच्या शाळेत रुजू होतो. कंत्राटदारामार्फत आलेला सफाई कामगार किंवा बसचालक शाळेच्या यादीतच नसतो.

महाराष्ट्रात शाळेतल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या ‘सखी सावित्री’ समित्यांचा शासन निर्णय मार्च २०२२ चा आहे. बदलापूरनंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या निर्णयाने शाळांना महिन्याभरात कॅमेरे बसवण्यास आणि अनुचित प्रकार २४ तासांत शिक्षण अधिकाऱ्यांना कळवण्यास सांगितले. यातल्या दुसऱ्या सूचनेबाबत मुख्याध्यापकांनी सावध राहावे. शिक्षण अधिकाऱ्याला पाठवलेले पत्र खात्याच्या नियमासाठी आहे. ते पाठवले म्हणून कलम १९ चे काम झाले असे होत नाही, कारण त्या कलमात फक्त विशेष बाल पोलीस पथक आणि स्थानिक पोलीस यांचीच नावे आहेत.