‘कीबोर्ड सापडला नाही’ या संदेशामागचा इतिहास

सांगलीच्या मार्केट यार्डातील आडत पेढ्यांवर वेगवेगळ्या काळातले संगणक शेजारी शेजारी चालू असलेले दिसतात. सकाळी सौद्याच्या आधी त्यांपैकी एखाद्याने कीबोर्ड ओळखला नाही, की बाजारातून नवा कीबोर्ड आणला जातो आणि पुष्कळदा तोही चालत नाही. पडद्यावरचा संदेश एकच असला, तरी त्यामागचे कारण ते यंत्र कोणत्या काळात घडले यावर ठरते, आणि म्हणून या संदेशाचा इतिहास दुरुस्तीच्या कामाचाच भाग आहे.

आयबीएमने १९८१ साली पहिला पीसी आणला, तेव्हापासून संगणक सुरू होताच स्वतःची तपासणी करतो. त्या तपासणीत कीबोर्डला नव्याने सुरू होण्याचा इशारा दिला जाई; कीबोर्ड आपली आतली चाचणी पूर्ण करून ठरावीक संकेत परत पाठवी, आणि तो संकेत वेळेत आला नाही, तर पडद्यावर ३०१ हा आकडा उमटत असे. एखादे बटण दाबलेल्या अवस्थेत अडकले असेल, तर ३०१ च्या आधी त्या बटणाचा क्रमांकही दिसे. हळदीची पोती जिथे दिवसभर उघडली जातात, तिथे बटणांच्या फटींत बारीक पूड साचून बटण वर न येणे स्वाभाविक आहे. अशा वेळी कीबोर्ड उलटा करून झाडणे आणि अडकलेले बटण मोकळे करणे एवढेच पुरते. पुढच्या काळात तो क्रमांक जाऊन नुसते शब्द आले. ही मोठीच हानी झाली, असे माझे मत आहे.

१९८४ च्या पीसी एटीने कीबोर्ड आणि संगणक यांच्यातील संभाषणाची पद्धत बदलली, पण पाच पिनांचा गोल कनेक्टर तोच ठेवला. त्यामुळे जुना कीबोर्ड नव्या यंत्रात नीट बसे, मात्र ओळखला जात नसे. म्हणूनच त्या काळातील अनेक कीबोर्डांच्या पाठीवर दोन्ही पद्धतींसाठी एक छोटा खटका असे. १९८७ मध्ये पीएस/२ हा सहा पिनांचा लहान कनेक्टर आला आणि पुढे कीबोर्डसाठी जांभळा व माउससाठी हिरवा असे रंग रूढ झाले. पीएस/२ चालू संगणकावर काढण्या-घालण्यासाठी बनवलेला नव्हता. घाईत तसे केल्यास मदरबोर्डवरील, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किटपाटीवरील, त्या पोर्टचा छोटा फ्यूज जाऊ शकतो, आणि मग कितीही चांगला कीबोर्ड जोडला तरी त्याला वीजच मिळत नाही. याची खूण सोपी आहे : संगणक सुरू होताना नम लॉक, कॅप्स लॉक आणि स्क्रोल लॉक हे तिन्ही दिवे क्षणभर लागायला हवेत. ते मुळीच लागले नाहीत, तर आधी वायर, पिना आणि पोर्ट पाहावा.

यूएसबीची पहिली आवृत्ती १९९६ ची. इथे प्रश्नाचे स्वरूपच पालटले, कारण यूएसबी कीबोर्ड चालवण्यासाठी लागणारा ड्रायव्हर, म्हणजे उपकरण हाताळणारा छोटा प्रोग्रॅम, विंडोजबरोबर येतो आणि विंडोज तर अजून सुरूच झालेले नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, ‘लेगसी यूएसबी सपोर्ट’ हा पर्याय आला. त्यात बायोस यूएसबी कीबोर्डला जुन्या कीबोर्डचे रूप देऊन पुढे करते. हा पर्याय बंद असेल, तर एफ वन दाबण्याची सूचना पडद्यावर दिसते, पण दाबलेले बटण बायोसपर्यंत पोहोचत नाही, आणि तोच कीबोर्ड विंडोजमध्ये मात्र व्यवस्थित चालतो. काही मदरबोर्डांवर हा पर्याय मुळातच बंद असे, आणि बायोसची सेटिंग जपणारा बटणसेल उतरला की तो पुन्हा बंद होई. मुख्य वीज तुटल्यावर सगळा भार त्या सेलवर पडतो. ज्या गावांनी वर्षानुवर्षे भारनियमन सोसले, तिथे हा दोष समजायला अवघड नाही. अशा यंत्राला पीएस/२ कीबोर्ड तात्पुरता जोडून पर्याय चालू करावा आणि सेल बदलावा.

२०१५ नंतरच्या इंटेलच्या अनेक मदरबोर्डांवर विंडोज ७ टाकताना कीबोर्ड मध्येच बंद पडे. त्यात बायोसचा दोष नव्हता, यूएसबी ३.० चा ड्रायव्हर विंडोज ७ मध्ये नव्हता.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट बूटमुळे, म्हणजे संगणक झटपट सुरू करण्याच्या सोयीमुळे, कारण पुन्हा बदलले. वेळ वाचवण्यासाठी यूईएफआय, म्हणजे बायोसची जागा घेणारी नवी प्रणाली, यूएसबी उपकरणांची तपासणी मागे टाकू शकते, आणि बटण दाबण्यासाठी २०० मिलिसेकंदांहूनही कमी अवधी उरतो, असे मायक्रोसॉफ्टनेच तेव्हा सांगितले होते. त्यामुळे अशा यंत्रावर डिलीट किंवा एफ टू दाबत बसण्याऐवजी विंडोजमध्ये शिफ्ट धरून रिस्टार्ट निवडावे, तिथून यूईएफआय सेटिंगमध्ये जावे आणि फास्ट बूट बंद करून कीबोर्ड पुन्हा तपासावा.