चौदाव्या दिवसापासून पुढे: सोलापुरातल्या दुखवट्याची पार्श्वभूमी

घरात मयत झाली की त्या घरची चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भाकरी घेऊन येतात, कोणी चहाची किटली आणतं, कोणी पाण्याचे जार मागवतं. 'अक्का, दोन घास खा की,' म्हणत एखादी बाई तासभर पाठीवर हात ठेवून बसते. मराठी, कानडी, तेलुगू आणि दख्खनी उर्दू बोलणाऱ्या सोलापुरात विधी निरनिराळे आहेत. कोणाकडे दहावा-तेरावा, कोणाकडे तिसऱ्या दिवशीची जियारत आणि चाळीसावा, तर लिंगायत घरात जंगमांच्या हस्ते दफन. दारात माणसं येऊन बसतात, हे मात्र सगळ्यांकडे सारखं. या बसण्याला इथे मोठा इतिहास आहे.

सर्वांत जुनी आठवण मंगळवेढ्याची. 1338 साली गावकुसाचं बांधकाम चालू असताना ते कोसळलं आणि चोखोबा इतर मजुरांसह त्याखाली गाडले गेले. ढिगाऱ्यातल्या अस्थी नामदेवांनी वेचून पंढरपुरात आणल्या आणि विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, असं वारकरी परंपरा सांगते. ज्याला हयातीत देवळाची पायरी चढू दिली नाही, त्याच्या अस्थी गोळा करायला त्याचा सोबती चालत गेला. रक्ताच्या नात्याबाहेरच्या माणसाने दुःखाची जबाबदारी घेतल्याची एवढी ठसठशीत कथा आपल्या भागात दुसरी नाही. आजही गावागावांत प्रेतयात्रेपुढे टाळ वाजवत चालणारं भजनी मंडळ याच परंपरेतलं.

शहरातल्या शेजारधर्माला आकार आला तो मात्र गिरण्यांमुळे. 1876-78 च्या मोठ्या दुष्काळाच्या काळातच, 1877 साली, सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपली 'जुनी मिल', सुरू झाली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या आल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकातून आणि आसपासच्या तालुक्यांतून शेतमजूर आले. ज्याचे भाऊबंद दूर गावी, त्याच्या घरी कोणी गेलं तर खांदा द्यायला कोण? शेजारच्या साच्यावरचा, म्हणजे गिरणीतल्या मागावरचा, जोडीदार आणि चाळीतली माणसं. पूर्व भागात तर घरातच माग. गल्लीत मयत झाली की आजूबाजूच्या मागांचा खडखडाट थांबायचा, आणि ज्याच्या कानावर बातमी आली नव्हती त्यालाही त्या शांततेवरून समजायचं.

या शहराने एकत्र शोक केल्याचं मोठं उदाहरण राजकीय आहे. इंग्रजांनी 1930 मध्ये सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉनंतर मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. चौघे चार समाजांतले. ऐन संक्रांतीच्या, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत त्यांचं स्मरण आजही होतं.

ज्या गिरणीकामावर शेजाराची ही सोबत उभी होती, तेच पुढे हातचं गेलं. जुनी मिल 1960 च्या दशकात बंद पडली, नंतर एकेक करत इतरही. पाळी संपल्यावर एकत्र घरी येणारी माणसं पांगली, कित्येकांची मुलं पुण्याला गेली. बायकांकडे राहिली बिडी. मांडीवर सूप, हातात तेंदूपत्ता, आणि हात चालू असताना चाललेलं बोलणं. घरात माणूस गेलेल्या बाईला मोकळं व्हायची ती हक्काची जागा. पण मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबाने, म्हणजे वळली नाही तर पैसा नाही. त्यामुळे दुखवटा पाळायलाही तिला फार दिवस परवडत नाहीत.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. जुना आधार सगळ्यांना सारखा नव्हता. नवरा गेलेल्या बाईला जवळ घेणारे हातच तिच्या बांगड्या फोडायचे. पुढे हळदीकुंकवाला तिला बोलावणं नाही, लग्नात पुढे उभं राहायचं नाही. सोबतीची खरी गरज असायची तेव्हाच तिला एकटं पाडलं जायचं.

याविरुद्धची अलीकडची ठिणगी आपल्याच जिल्ह्यातली आहे. कोरोनाच्या पहिल्या लाटेत करमाळ्याचे कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांचे एक सहकारी हृदयविकाराने गेले. अंत्यविधीच्या वेळी त्यांच्या पत्नीचं मंगळसूत्र आणि कुंकू उतरवलेलं झिंजाडे यांनी पाहिलं. आपल्या मागे आपल्या पत्नीवर हे होऊ नये, असं त्यांनी स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं आणि गावोगावी आग्रह धरला. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथाबंदीचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं.

कोरोनाने दुसराही घाव घातला. 2020 मध्ये अंत्यविधीला वीसपेक्षा जास्त माणसं नकोत असा नियम आला. दारात बसणं बंद, भेटणं फोनवर. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात हजारो माणसं गेली, पण उरलेली निदान एकमेकांच्या गळ्यात पडून रडली. पुढे 52 गावं नव्या जागी वसवली, तेव्हा रुंद रस्त्यांमुळे घरं लांब लांब झाली आणि जुन्या गल्लीतला शेजार तुटला. घर मिळालं तरी शेजार मिळतोच असं नाही, हे तिथे दिसलं. कोरोनात शेजार भिंतीपलीकडेच होता, तरी येऊ शकत नव्हता. त्या वर्षी गेलेल्यांच्या घरी ते रडणं अजून बाकी आहे, असं मला मनापासून वाटतं.

तेराव्यानंतर मांडव निघतो आणि माणसं आपापल्या कामाला लागतात. दुःख मात्र त्या पंचांगाने चालत नाही. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत 1968 मध्ये दोन घरची मुलं एकाच रुग्णालयात दगावली. तिथले धर्मगुरू सायमन स्टीफन्स यांनी त्या आईबापांची गाठ घालून दिली आणि 1969 मध्ये 'द कंपॅशनेट फ्रेंड्स' ही मूल गमावलेल्या पालकांची संस्था उभी राहिली. सल्ला देणारा कोणी वरचा नाही, त्याच वाटेवरून गेलेली माणसं समोरासमोर बसतात, एवढंच तिचं तंत्र. बिडीच्या सुपाभोवती बसणाऱ्या बायकांना हे शिकवावं लागणार नाही.

सहा महिन्यांहून अधिक काळ दुःखाची तीव्रता ओसरत नसेल आणि रोजचं जगणं अडत असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-11 मध्ये, त्याची स्वतंत्र विकार म्हणून नोंद आहे. अशा वेळी सोबतीबरोबर डॉक्टरही हवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही.

बाकीच्यांना एकत्र बसून बोलायला जागा शोधत फिरायला नको. पेठेपेठेत समाजमंदिरं आहेत, मंगळवारचं किंवा एकादशीचं भजन आहे, बचत गटाची मासिक बैठक आहे. हप्ते जमा झाल्यावर त्याच बैठकीत अर्धा तास गेलेल्या माणसाबद्दल बोलायला ठेवता येईल, आणि ज्या घरचा तेरावा नुकताच झाला त्या घरी पुढच्या महिन्यात कोणी जायचं हेही तिथेच ठरवता येईल.