गवत हललं की फोटो

गेल्या मे महिन्यात सोलापूर-बार्शी रस्त्याला, नान्नजच्या अलीकडं, मित्राच्या बांधावर आम्ही समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधला. रानडुकरं येतात का बघायचं होतं. तीन दिवसांनी कार्ड काढलं तर नुसतं कुसळी गवत. डावीकडं झुकलेलं, उजवीकडं झुकलेलं. शेवटी एक कुत्रं, तेही अर्धंच.

हे कॅमेरे उष्णतेतला फरक ओळखतात. सोलापूरच्या उन्हात तापलेलं गवत हललं तरी त्यांना जनावर वाटतं, आणि खरं जनावर गेलं तर फरकच उरत नाही. मग चित्रातूनच काय ते ओळखायला हवं.

1966 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत संगणकतज्ज्ञ सेमूर पेपर्ट यांनी यंत्राला बघायला शिकवण्याचं काम उन्हाळी प्रकल्प म्हणून विद्यार्थ्यांना दिलं होतं. एका उन्हाळ्यात उरकेल असा हिशेब! उघड्यावरच्या दृश्यासाठी खरी युक्ती 1999 साली स्टॉफर आणि ग्रिमसन या संशोधकांनी मांडली. लिंबाची फांदी हलते तेव्हा चित्रातला एकच ठिपका कधी हिरवा असतो, कधी आभाळाचा निळा. त्यांनी प्रत्येक ठिपक्याच्या अशा दोन-चार सवयी नोंदवून ठेवल्या. सवयीबाहेरचा रंग आला, म्हणजे कुणीतरी आलं. खोट एवढीच, की म्हैस बराच वेळ जागची हलली नाही तर तीही पार्श्वभूमीत जमा होते.

आलेलं नेमकं कोण, हे यंत्राला बऱ्यापैकी सांगता येऊ लागलं ते 2012 नंतर, नावं दिलेल्या लाखो फोटोंवर शिकवलेल्या न्यूरल नेटवर्कमुळं, म्हणजे उदाहरणं बघून स्वतःच ओळखायला शिकणाऱ्या संगणक प्रणालीमुळं. आपल्याकडं 2018 च्या व्याघ्रगणनेत 3 कोटी 48 लाखांवर फोटो जमले. त्यांत वाघाचे 76,651. एवढा ढीग माणसांनी कधी निवडायचा? प्राण्यांप्रमाणे फोटो वेगळे करायला सॉफ्टवेअर लावलं गेलं.

तरी एक अडचण आहेच. एका जागी शिकलेलं यंत्र नव्या जागी अडखळतं. जंगलातले फोटो बघून तयार झालेल्याला आमचा माळ कसा कळावा? 1979 पासून माळढोक पक्ष्यासाठी राखलेला हा टापू श्रावणात हिरवा आणि संक्रांतीला पिवळा. यंत्राला ती दोन गावं वाटतात. इथलं रिकामं गवतही त्याला दाखवावं लागतं, दोन्ही रंगांतलं.

मित्र कार्ड पुसायला निघाला होता. म्हटलं, थांब, राहू दे.