वास्प वैमानिक आणि २००९ चा गोल्ड मेडल कायदा

वास्प म्हणजे विमेन एअरफोर्स सर्व्हिस पायलट्स, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची लष्करी विमानं उडवणाऱ्या बायका. त्यांना काँग्रेशनल गोल्ड मेडल देण्यासाठी अमेरिकन संसदेने जो कायदा केला तो पब्लिक लॉ १११-४०, राष्ट्राध्यक्ष ओबामांनी त्यावर १ जुलै २००९ ला सही केली. म्हणजे युद्ध संपून ६४ वर्षं होत आली तेव्हा.

मेडलसाठी कायदा कशाला असं आपल्याला वाटतं, कारण आपल्याकडे वीरचक्र वगैरे राष्ट्रपतींकडून मिळतात, त्यासाठी दर वेळी संसदेत बिल आणावं लागत नाही. या मेडलचं तसं नाही. हा संसदेने स्वतः दिलेला मान आहे, पहिला १७७६ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनना दिला गेला, आणि प्रत्येक वेळी वेगळं बिल, दोन्ही सभागृहांत सदस्यांचा मोठा पाठिंबा, मग राष्ट्राध्यक्षांची सही, आणि त्यानंतर सरकारी टांकसाळ त्या एका मेडलसाठी नवीन डिझाइन काढून ते पाडते.

सप्टेंबर १९४२ मध्ये नॅन्सी लव्ह यांचं विमानं पोचवणारं पथक आणि जॅकलिन कॉक्रन यांचं ट्रेनिंग युनिट अशी दोन वेगळी कामं सुरू झाली, ५ ऑगस्ट १९४३ ला ती एकत्र करून वास्प बनली. २५,००० हून जास्त अर्ज आले, १,८३० जणींना घेतलं, १,०७४ पास झाल्या. ट्रेनिंग टेक्सासमधल्या स्वीटवॉटर गावाजवळ अ‍ॅव्हेंजर फील्डवर, तिथपर्यंतचा प्रवास स्वतःच्या खर्चाने, आणि अंगात घालायला पुरुषांच्या मापाचे ढगळ ओव्हरऑल, त्यांच्या बाह्या आणि पाय दुमडून कमरेला पट्टा आवळायचा.

काम काय होतं तर कारखान्यातून निघालेली नवी विमानं तळांवर नेणं, दुरुस्त झालेली विमानं आधी स्वतः उडवून बघणं, आणि टार्गेट ओढणं. हे टार्गेट ओढणं नीट समजून घ्यायला हवं. विमानामागे लांब केबल, केबलच्या टोकाला कापडाची लांब पट्टी, आणि जमिनीवरचे किंवा दुसऱ्या विमानातले शिकाऊ गनर त्या कापडावर खऱ्या गोळ्या झाडायचे. गोळ्यांना रंग लावलेला असायचा, म्हणजे नंतर कापडावरची भोकं बघून कोणाचा नेम लागला ते कळायचं. नेम चुकला तर गोळी कुठे जाणार, पुढे विमान आणि विमानात पायलट.

३८ जणी गेल्या. मेबल रॉलिन्सन ऑगस्ट १९४३ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅम्प डेव्हिसला रात्रीच्या सरावात ए-२४ विमान कोसळून जळाली तेव्हा आत अडकली, कॉकपिटच्या झाकणाची कडी नादुरुस्त होती. आणि या सगळ्या कागदोपत्री सिव्हिलियन, त्यामुळे विमा नाही, शव घरी पाठवायचा खर्च लष्कर देणार नाही, बरोबरच्या मुली वर्गणी काढून पाठवायच्या. शवपेटीवर झेंड्याचासुद्धा हक्क नव्हता. हे मी कितीदा वाचलं तरी घशात अडकतंच.

त्यांना लष्करात सामावून घ्यायचं बिल १९४४ मध्ये आलं होतं, हवाई दलाचे प्रमुख हॅप अर्नोल्ड स्वतः बाजूने होते, पण पुरुष पायलट आणि इन्स्ट्रक्टरांना आपली जागा जाईल ही भीती होती, त्यांनी जोर लावला आणि २१ जूनला ते बिल १८८ विरुद्ध १६९ ने पडलं. २० डिसेंबर १९४४ ला वास्प बंद, सगळ्या घरी. माझ्या मते पुढची सगळी लढाई या १९ मतांतून निघाली.

मग तीस वर्षं शांतता. १९७६ मध्ये हवाई दलाने जाहीर केलं की आता बायका पहिल्यांदाच लष्करी विमानं उडवणार, आणि हे ऐकून म्हाताऱ्या होत चाललेल्या वास्प पेटून उठल्या. सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांनी बाजू लावून धरली, ते स्वतः युद्धात वास्पबरोबर विमानं पोचवायचं काम केलेले, अर्नोल्डांचा मुलगाही मदतीला आला, आणि २३ नोव्हेंबर १९७७ ला राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीने त्यांना माजी सैनिक मानण्याचा रस्ता उघडला.

२००९ चं बिल सिनेटमध्ये टेक्सासच्या के बेली हचिसन आणि मेरीलँडच्या बार्बरा मिकुल्स्की यांनी आणलं, एक रिपब्लिकन आणि एक डेमोक्रॅट. तेव्हा हजारातल्या जेमतेम ३०० जणी हयात होत्या, म्हणून घाई. १० मार्च २०१० ला कॅपिटलमध्ये, म्हणजे संसद भवनात, समारंभ झाला, कोणी व्हीलचेअरवर, कोणी नातवाचा हात धरून, अशा सुमारे २०० जणी आल्या. सोन्याचं मेडल एकच असतं, ते सगळ्यांच्या वतीने डीनी पॅरिश यांनी घेतलं, ज्या स्वतः फ्लोरिडात बी-२६ विमानामागे टार्गेट ओढायच्या. कायद्याप्रमाणे ते मेडल स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयाकडे गेलं, ब्राँझच्या प्रती वेगळ्या काढल्या.

मेडलने सगळं सुटलं असं मात्र झालं नाही. सहीच्या दिवशी ओबामांच्या ऑफिसात हजर असलेल्या तीन वास्पपैकी एक इलेन हार्मन. त्या एप्रिल २०१५ मध्ये वारल्या, अस्थी आर्लिंग्टनच्या, सैनिकांसाठीच्या राष्ट्रीय दफनभूमीत ठेवाव्यात ही त्यांची इच्छा, आणि लष्कराने सांगितलं की वास्पना तिथे जागा मिळत नाही. अस्थी घरातल्या कपाटात राहिल्या. मुलगी आणि नातींनी मोहीम चालवली, माजी फायटर पायलट असलेल्या खासदार मार्था मॅक्सॅली यांनी आणखी एक बिल आणलं, मे २०१६ मध्ये त्याचाही कायदा झाला. ७ सप्टेंबर २०१६ ला हार्मन यांच्या अस्थी लष्करी मानाने आर्लिंग्टनमध्ये ठेवल्या गेल्या.