रजिस्ट्री एडिट करताना येणारी परवानगीची अडचण

विंडोजच्या रजिस्ट्रीत काही बदलायला गेलं की 'परवानगी नाही' नाहीतर 'व्हॅल्यू लिहिता आली नाही' असा मेसेज येऊन काम अडतं, ती ही अडचण. आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा माणूस ॲडमिन अकाउंटवरच बसलेला असतो. रजिस्ट्री म्हणजे विंडोजचं आणि त्यातल्या प्रोग्रॅमचं सेटिंगचं दप्तर. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये ते अगदी छोटं होतं, विंडोज ९५ पासून बराचसा कारभार तिथं गेला.

सांगलीकडं हे समजवायला सातबारा बरा पडतो. रजिस्ट्रीतल्या प्रत्येक कीला, म्हणजे डावीकडं फोल्डरसारखं दिसतं त्याला, स्वतःचा मालक असतो आणि कुणी नुसतं बघायचं, कुणी बदलायचं याची यादी असते. ॲडमिन म्हणजे गावचा पाटील धरा, वजन कितीही असलं तरी दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर त्याचं नाव नसतं. सिस्टीमच्या बऱ्याच कीजचा मालक ट्रस्टेड इन्स्टॉलर, म्हणजे विंडोजची स्वतःचीच एक सर्व्हिस असते, ही विंडोज व्हिस्टापासून आली, आणि तिथं ॲडमिनला फक्त वाचता येतं. फरक एवढाच की इथं ॲडमिनला स्वतःच्या नावावर फेरफार करून घेता येतो, खऱ्या जमिनीत असं केलं तर कोर्टाच्या फेऱ्या ठरलेल्या.

पण लगेच मालकी बदलायला धावू नये, आधी साधं बघावं. व्हिस्टापासून ॲडमिनचे प्रोग्रॅमसुद्धा साध्या हक्कानंच उघडतात, त्यामुळं कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायची काळी खिडकी, नुसता उघडून कमांड मारली की 'ॲक्सेस इज डिनाइड' येतं, तो राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'नं उघडायचा. रेजएडिट, म्हणजे रजिस्ट्री बघायचा-बदलायचा विंडोजचा प्रोग्रॅम, ॲडमिनला हो-नाही विचारतं, पण साध्या युजरला काहीच न विचारता गप उघडतं, म्हणून वाटतं सगळं ठीक आहे आणि लोकल मशीनच्या, म्हणजे सगळ्या मशीनला लागू असलेल्या भागात लिहायला गेलं की अडतं.

यातला खरा चकवा वेगळाच. मार्केट यार्डातलं हळदीचं आडत दुकान धरा, बिलं करणाऱ्या पोराचं अकाउंट साधं आणि ॲडमिनचा पासवर्ड शेठकडं. शेठनी पासवर्ड टाकून रेजएडिट उघडून दिलं आणि पोरानं 'करंट युजर'मध्ये, म्हणजे चालू युजरच्या सेटिंगच्या भागात, बदल केला, तर तो बदल शेठच्या अकाउंटला लागतो, पोराच्या नाही, कारण रेजएडिट त्या वेळी शेठच्या नावानं चालू असतं. एरर काही नाही, फरकही काही नाही, मग दिवसभर डोकं खाजवत बसायचं.

एवढं करूनही अडलं तर कीवर राइट क्लिक, परमिशन्स, ॲडव्हान्स्ड, वर ओनरच्या पुढं चेंज, तिथं ॲडमिनिस्ट्रेटर्स टाकून ओके, मग ॲडमिनिस्ट्रेटर्सला फुल कंट्रोल. खालच्या सगळ्या कीजचा मालक बदलायची टिक गरज नसेल तर लावूच नये. काम झालं की फुल कंट्रोल काढून मालकी परत द्यायची, हे लोक हमखास विसरतात. नुसतं ट्रस्टेड इन्स्टॉलर टाकलं तर नाव सापडत नाही, आधी 'एनटी सर्व्हिस', मग उलटी तिरकी रेघ आणि पुढं ट्रस्टेड इन्स्टॉलर जोडून, असं पूर्ण इंग्रजीत NT SERVICE\TrustedInstaller लिहावं लागतं.

एक्सपोर्ट करून बॅकअप घ्यावाच, पण त्या फाइलमध्ये कीज आणि त्यांच्या व्हॅल्यू, म्हणजे उजवीकडं दिसणारी सेटिंग, येतात, मालक आणि परवानग्या येत नाहीत, आणि ती परत चढवली तरी तुम्ही नव्यानं टाकलेल्या व्हॅल्यू आपोआप जात नाहीत. सॅम आणि सिक्युरिटी या अकाउंट-पासवर्डच्या माहितीच्या कीज ॲडमिनलाही रिकाम्या दिसतात, त्या तशाच राहू द्याव्यात. डिफेंडरची, म्हणजे विंडोजच्या अँटीव्हायरसची, सेटिंग बदलत नसतील तर ते टॅम्पर प्रोटेक्शनचं, म्हणजे ती सेटिंग कुणी बदलू नये म्हणून असलेल्या त्याच्याच कुलपाचं काम असतं, मालकीचा तिथं संबंध नाही.

'रजिस्ट्री एडिटिंग ॲडमिनिस्ट्रेटरनं बंद केलंय' हा मेसेज मात्र वेगळ्या घरचा. तो पॉलिसीतून, म्हणजे मशीनवर लावलेल्या नियमातून येतो. कॉलेजच्या लॅबमध्ये आला तर तिथल्या सिस्टीमवाल्याला विचारायचं, घरच्या मशीनवर आपण काही न करता आला तर पहिलं व्हायरस स्कॅन करायचं, कारण काही व्हायरस स्वतःला काढता येऊ नये म्हणून हेच बंद करून ठेवतात.